एक वीत, एक नॅनोसेकंद

आमच्या कॉलेजातल्या येमूल सरांना पत्ता विचारू नये. सात रस्ता चौकात बार्शीच्या एका आजोबांनी दवाखाना विचारला, तर सर म्हणाले, "सरळ हजार नॅनोसेकंद, डाव्या हाताला."

आजोबा गोंधळले. "रिक्षानं का चालत?"

"उजेडानं," सर म्हणाले. शेवटी मीच आजोबांना पोचवून आलो.

"एक वीत, एक नॅनोसेकंद" हे सरांचं पालुपद. सेकंदाच्या अब्जाव्या भागात विजेची खूण वायरीतून वीतभर जाते म्हणे. न्यूट्रिनो नावाचा कण सहसा कशालाच धडकत नाही. क्वचित धडकला, की त्यातून उडालेले कण प्लॅस्टिकच्या पट्टीत बारीक उजेड पाडतात. तो नेमका केव्हा पडला, हे सांगणारं यंत्र सर बांधत होते. सोळा पट्ट्या, काळ्या कागदात घट्ट गुंडाळलेल्या. उघड्या हातानं पट्टीला शिवलं, तर सर सोवळं मोडल्यासारखे ओरडत. मी प्रयोगशाळा सहायक, त्यामुळं ते ओरडणं बहुतेक माझ्याच वाट्याला.

हे यंत्र ज्या मोठ्या प्रयोगात बसवायचं होतं, तिथली माणसं त्या दिवशी चार वाजता तपासणीला यायची होती. यंत्र नापास झालं तर सरांची तीन वर्षं पाण्यात. दुपारी यंत्र चालू केलं आणि सरांचा चेहराच उतरला. पहिल्या पट्टीची खूण बाकीच्यांच्या दोन नॅनोसेकंद आधीच येत होती.

"आतला सेन्सर हालला असंल. पट्टी उघडावी लागतीय की, माने."

ती गुंडाळायला आठ दिवस लागले होते. सरांनी सुरी उचलली आणि मला टेबलामागची वायर आठवली. पहिली पट्टी खुणा मोजणाऱ्या पेटीला सगळ्यांत जवळ, म्हणून तिच्या उरलेल्या वायरीचं वेटोळं टेबलामागं लोंबायचं. आदल्या दिवशी आवराआवरीत मी ते जास्तीचं समजून कापलं होतं. सोळाही वायरी मुद्दाम सारख्या लांबीच्या ठेवल्यात, हे आत्ता कुठं डोक्यात शिरलं. पालुपद कोण मनावर घेतं?

"सर, थांबा! वायर मी कापली. दोन विती."

सरांनी सुरी खाली ठेवली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"तुकडा कुटं हाय?"

मी कचऱ्याचा डबा पालथा केला. सरांनी तुकडा जोडला. चाराला पाच कमी असताना सोळाही पट्ट्या एका सुरात आल्या.

यंत्र पास झालं. पण तपासणीला आलेल्या बाईंना तो जोड दिसला. "हे कुणी केलं?"

"मीच," सर म्हणाले. "घाईत चुकून वायर कापली."

बाईंनी शेऱ्यात लिहिलं: प्रमुखांच्या कामात निष्काळजीपणा. ज्या माणसानं तीन वर्षं मला पट्टीला बोट लावू दिलं नाही, त्याच्या नावावर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे गेल्यावर म्हणालो, "सर, माझं नाव का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमाला ह्या कामातनं काढलं असतं." सर सुरी पुसत होते. "मग मी बोलायचं कुणासंग? घरी टीव्ही बोलतोय, मी ऐकतोय."

तीन वर्षांत मी त्यांच्या घरी कोण असतं हे कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांची पिशवी घेतली आणि म्हटलं, "चला सर, चहा तुमच्याकडं घेऊ."