पळत आलेली बातमी

"वडील कशानं गेले?" घनसावंगीच्या डॉक्टरांनी रिपोर्टवरची नजर न काढता विचारलं.

"हार्टनं. खुर्चीत बसल्या बसल्या."

"वय?"

"त्रेपन्न."

"आणि तुमचं?"

"बावन्न वर्षं दहा महिने," तातेराव म्हणाले. डॉक्टरांनी चष्मा काढून पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट पाहिलं. तारीख संपत आलेल्या औषधाच्या बाटलीकडं पाहतात तसं. "खुर्चीत कमी बसा. चाला. जमलं तर पळा. हळू, पण रोज."

तातेराव जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत खुर्ची ही त्यांची एकमेव ठोस कमाई होती, आणि आता तीच जिवावर उठली होती.

पुण्याहून मुलीनं, प्रीतीनं, बूट पाठवले आणि फोनमध्ये एक ॲप घ्यायला लावलं. त्यात एक बाई बोलायची. एक मिनिट पळा म्हणायची, दीड मिनिट चाला म्हणायची. बायकोनं, केशरबाईंनी, दोन दिवस तिला ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तीस वर्षं झाले सांगून राह्यले, जरा हाला म्हणून. तिनं एकदा सांगितलं, लगेच पळाले."

कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावात मोठा माणूस तीन कारणांनी पळतो. बैल सुटला तर, साप चावला तर, किंवा कुणी मेलं तर. चौथं कारण गावाला ठाऊक नव्हतं. पहिल्याच सकाळी दूध घेऊन निघालेल्या भारतनं मोटारसायकल त्यांच्या बरोबरीला आणली.

"बसा सर. पळत कवा पोचता? कोण गेलं?"

"कुणी... न्हाई."

"सांगायचं नसलं तर ऱ्हाऊ द्या," भारत म्हणाला, आणि डोक्यावरची टोपी काढून हळूच पुढं गेला.

खरा घोटाळा चौथ्या दिवशी झाला. ॲपमधल्या बाईनं 'एक किलोमीटर पूर्ण' असं जाहीर केलं ते नेमकं काकासाहेबांच्या फाटकासमोर. तातेराव थांबले. फाटक धरून धापा टाकू लागले. ऐंशी वर्षांचे काकासाहेब ओट्यावर चहा पीत होते.

काकासाहेबांच्या लहानपणी मयतीचा सांगावा पळत यायचा. ज्यांना गावाबाहेर ठेवलं होतं त्यांच्याच माथी गावानं ते काम मारलं होतं. तातेरावांचा आजा दहा-दहा कोस अनवाणी पळायचा आणि याच फाटकाशी, याच अंतरावर थांबून, धापा टाकत हात वर करायचा. छप्पन साली आज्यानं धम्म घेतला आणि सांगावा सोडला. पुढं दोन वर्षं मयती उशिरा कळतात अशी गावाची तक्रार होती.

आता नातू त्याच जागी उभा होता. फरक फक्त बुटांचा होता.

काकासाहेबांनी कपबशी ओट्यावर ठेवली. एरवी ते 'सर' म्हणत. आज तोंडातून सत्तर वर्षांपूर्वीचं निघालं.

"कोण गेलं रे?"

तातेरावांना बोलता येईना. 'थांबा, सांगतो' अशा अर्थानं त्यांनी हात वर केला. हाताचा रोख शहागडकडं होता. शहागडला काकासाहेबांची धाकटी बहीण दैवशाला पंधरा दिवसांपासून अंथरुणाला होती.

"दैवशालाबाई गेल्या वो!" घरातून त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, सुरुवातच वरच्या पट्टीत केली.

त्यांचा मुलगा अंगद बनियनवरच बाहेर आला. "फोन लावू का, दादा?"

"येडा हैस का?" काकासाहेब म्हणाले. "अशी गोष्ट फोनवर विचारतेत का? जीप काढ, जल्दी."

तातेरावांना श्वास सापडायला चार मिनिटं लागली. जीप तीन मिनिटांत निघाली होती.

शहागडला दैवशालाबाई त्याच सकाळी पहिल्यांदा उठून अंगणात बसल्या होत्या आणि दुधात भाकरी कुस्करत होत्या. माहेरची जीप रडत येताना दिसली. भाऊ कुठं दिसेना. काकासाहेब गुडघ्यांमुळं मागच्या सीटवर अडकले होते. दैवशालाबाईंनी ताट सोडून दिलं. "दादा गेला गं!"

जीपमधल्या बायकांनी त्यांना मिठी मारली. शेजारणी आल्या. जिच्यासाठी रडायचं तीच गळ्यात पडून रडते आहे, हे पाच मिनिटं कुणाच्या ध्यानात आलं नाही; रडणं इतकं मनापासून चाललं होतं. शेवटी काकासाहेबांना दोघांनी धरून खाली उतरवलं, आणि बहीणभाऊ एकमेकांना जिवंत पाहून जे ओरडले त्यानं दोन बायकांना चक्कर आली.

दुपारी काकासाहेब काठी टेकत शाळेत आले.

"तुझ्या आज्यानं कधी खोटी बातमी आणली न्हाई."

"माझ्या आज्यानं बातमी आणणं सोडून सत्तर वर्षं होत आली, काकासाहेब."

"मंग तू कशामुळं पळतो?"

"मरू नये म्हणून."

काकासाहेबांनी यावर विचार केला. "पळल्यानं माणूस मरत न्हाई?"

"उशिरा मरतो."

"मंग शेताकडनं पळ. माझ्या दारावरून न्हाई."

तातेरावांनी मान हलवली. काकासाहेबांना ती होकाराची वाटली. आज्यानं कुठं पळायचं हे गाव ठरवायचं, एवढंच तातेरावांच्या मनात आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते त्याच रस्त्यानं, त्याच दारावरून पळाले. रस्ता जिल्हा परिषदेचा होता.

सातव्या आठवड्यात आणखी विपरीत घडलं. त्यांना पळणं आवडू लागलं.

ते कालव्याच्या कडेनं पळत होते. उसाला तुरे आले होते. ॲपमधल्या बाईनं 'आता चाला' म्हणून सांगितलं, पण पाय थांबले नाहीत. तिनं पुन्हा सांगितलं. तातेरावांनी तिचा आवाज बंद केला. मग फक्त बुटांचा आवाज उरला आणि आपला श्वास, रोजच्यासारखा भांडखोर नाही, सोबतीला आल्यासारखा. मागं कुणाचा हुकूम नव्हता. पुढं कुणाची मयत नव्हती. आपल्या घराण्यात असा पळणारा आपण पहिलाच, हे ध्यानात येऊन त्यांना हसू आलं. हसताना श्वास चुकला. तो त्यांनी पुन्हा धरला.

त्रेपन्नावा वाढदिवस त्यांनी कालव्यावरच मागं टाकला. केशरबाईंनी त्या दिवशी त्यांना खुर्चीत बसू दिलं नाही; उभ्यानंच खीर खाऊ घातली.

गावही सरावलं. सर गेले की सगुणाबाई चहाचं आधण ठेवू लागल्या. काकासाहेब पहिले काही दिवस पाठ करून बसले, मग बाजू करून. अकराव्या आठवड्यात ते ओट्यावरून म्हणाले, "आज पाच मिन्टं उशीर."

आणि मग एका रविवारी ॲपमधल्या बाईनं सांगितलं, आज विश्रांती. तिनं ते पूर्वीही सांगितलं होतं. पण या वेळी गुडघ्यांनीही तेच सांगितलं. तातेराव तोंडावर चादर घेऊन झोपले. केशरबाई दार ओढून घेऊन दळणाला गेल्या.

सव्वासातला अंगणातल्या आवाजानं तातेरावांना जाग आली. ते ब्रश तोंडात घालून बाहेर आले.

अंगण भरलं होतं. पुरुष उकिडवे बसले होते. भिंतीला दोन हिरवे बांबू टेकवलेले होते. सगुणाबाई डोक्यावर पदर ओढून "असा कसा गेला रे माझ्या लेकरा" पर्यंत आल्या होत्या. तातेरावांना बघून त्या तिथंच थांबल्या.

"आवो," मागून भारत म्हणाला, "हे तर दात घासून राह्यले."

सगळ्यांच्या पुढं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काकासाहेब बसले होते. ऐंशी वर्षांत या आळीत ते दुसऱ्यांदा आले होते. पहिल्यांदा मतं मागायला आले होते. त्यांचे डोळे लाल होते आणि त्याचा त्यांना राग आलेला दिसत होता.

"आज पळाला न्हाईस."

तातेरावांनी फेस थुंकला. "आज आराम होता."

"सांगून आराम करावा माणसानं!"

"एक फोन करायचा की, काकासाहेब."

"अशी गोष्ट फोनवर विचारतेत का?"

तातेरावांनी तोंड पुसलं. "पण मी गेलो, हे सांगितलं कुणी?"

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडं वळल्या. तिथं भिंतीला टेकून अंगद बसला होता. चेहरा वांग्यासारखा झालेला, पाय अनवाणी, एका अंगठ्यातून रक्त. श्वास कुठं ठेवावा हे त्याला समजत नव्हतं.

"दादानं... पाहायला धाडलं," तो म्हणाला. "खिडकीतून पाहिलं. तोंडावर चादर. हाक मारली, तुम्ही हालले न्हाई. बूट दारात. तुमचे बूट या टायमाला कवा दारात राह्यले? मंग... गाडीची किल्ली सापडंना. चप्पल तुटली. पळतच निघालो. समद्या दारावर जाऊन आलो."

अंगणातल्या म्हाताऱ्या माणसांना ते आधी उमगलं. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं. काकासाहेबांनी मुलाच्या पायांकडं पाहिलं.

"बराबर सांगितलं का समद्यांला?" त्यांनी विचारलं.

"हो, दादा."

"कोणी राह्यलं न्हाई ना?"

"न्हाई."

तेवढ्यात केशरबाई दळणाचा डबा घेऊन आल्या. बांबू पाहिले, नवरा पाहिला, आणि डबा ठेवून आत गेल्या. अंगदसाठी तांब्या भरून आणला. त्यानं तो एका दमात संपवला. काकासाहेबांनी घसा खाकरला.

"मला बी आण, बाई."

मतं मागायला आले होते तेव्हा त्यांनी पाणी मागितलं नव्हतं. केशरबाईंनी तांब्या पुन्हा भरला. काकासाहेब पाणी पिऊन तोंड पुसून उठले आणि घरी गेले. बांबू राहू द्यावेत, पुन्हा आणायची खेप वाचेल, असं जाता जाता भारतनं सुचवलं.

तातेराव अंगदजवळ बसले. मनगट धरून घड्याळाकडं पाहू लागले.

"वय?"

"पंचेचाळीस."

"सगळं गाव किती वेळात केलं?"

"बारा-तेरा मिन्टं असतील."

तातेरावांनी त्याच्या पोटाकडं डॉक्टरांच्या नजरेनं पाहिलं. "पहिल्या दिवसाला वाईट न्हाई. उद्या सहाला ये. बूट घालून."

दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या रस्त्यावर एक सडपातळ आणि एक जाड असे दोघे पळताना दिसले. पाहणारा सोमेश्वर शहागडचा होता, उसाचा ट्रॅक्टर घेऊन चालला होता. त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं ट्रॅक्टर थांबवून हात जोडले आणि घरी फोन लावला.

सातच्या सुमाराला काकासाहेबांच्या दारात शहागडची जीप थांबली. सगळ्यांत आधी दैवशालाबाई उतरल्या. ओट्यावर चहा पिणाऱ्या भावाकडं, त्याच्या शेजारी टॉवेल घेऊन बसलेल्या अंगदकडं आणि फाटकाशी बुटांची नाडी बांधणाऱ्या सरांकडं त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. डोळ्यांना लावलेला पदर त्यांनी खाली घेतला नाही.

"दोघंजण पळून राह्यले म्हणं," त्या म्हणाल्या. "म्हंजे दोन गेले. त्यातला एक तरी कोण, ते जल्दी सांगा. माझं रडू अडून बसलंय."