आरोही सध्या युरोपात असते

मूल काय करतं यापेक्षा ते एका ओळीत सांगता येतं का, यावर कुटुंबाचं स्वास्थ्य अवलंबून असतं. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या आमच्या मराठी मंडळाने हे फार लवकर ओळखलं आणि दिवाळीच्या स्मरणिकेत ‘आमची मुलं’ हे पान सुरू केलं. पानावर तीन रकाने आहेत: डॉक्टर, इंजिनिअर, वकील. (वकिलांचा रकाना दोन बैठका आणि एका राजीनाम्यानंतर मंजूर झाला.) रकाने मोजकेच ठेवल्याने मुलांचा गोंधळ होत नाही.

या पानाचे संपादक कुमारकाका, निवृत्त भूलतज्ज्ञ. त्यांची मुलगी आरोही सहा वर्षं लिथुआनियात बायकांच्या बास्केटबॉल संघाची कोच आहे. तिथे भाजीवालासुद्धा तिला ओळखतो आणि कुणाला खेळवायला हवं होतं ते ऐकवतो. ईडन प्रेरीत तिची ओळख काकांनी जरा जपून करून दिली. पहिल्या वर्षी ‘ब्रेक घेतलाय’, दुसऱ्या वर्षी ‘मॅनेजमेंटमध्ये आहे’, तिसऱ्यापासून ‘युरोपात कन्सल्टिंग’. यात तसं खोटं काही नाही. बारा बायकांना रोज ओरडून सल्ला देणं, याला दुसरं काय म्हणणार?

मंडळालाही तिची काळजी होतीच. “एकटी मुलगी, परदेशात, आपलं माणूस नाही. जेवते तरी काय?” असं आसावरीकाकू मंडळाच्या दर पॉटलक जेवणाला विचारत. (काकू स्वतः १९८१ साली दोन सुटकेस आणि एक प्रेशर कुकर घेऊन नागपूरहून इथे आल्या, पण ते वेगळं.)

या वसंतात आरोहीचा फोन आला. संघ फायनलला पोचला होता.

“बाबा, सहा वर्षांत तू एकही गेम बघितला नाहीस. जस्ट वन. प्लीज.”

फायनल नेमकी मंडळाच्या वार्षिक सभेच्या दिवशी होती, आणि काकांनी एकतीस वर्षांत एकही सभा चुकवली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिकिटं काढली. सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे: ‘अनुपस्थित: कुमारकाका. कारण: कन्सल्टिंग.’

परत आले तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता. सोबत गेलेल्या त्यांच्या पत्नी मृणालिनीकाकूंनी खुलासा केला. “रेफरीशी भांडले. भाषा येत नाही, नियम माहीत नाहीत, तरी भांडले. आणि मग रडले. म्हणाले, आपली पोरगी काय रुबाबात उभी असते गं तिथे.”

काकांनी पानावर पट्टीने चौथा रकाना आखला आणि लिहिलं: ‘कोच: आरोही.’ समितीने त्यावर सव्वादोन तास चर्चा केली. रकान्याला ‘इतर’ म्हणावं, अशी सूचना आली. काकांनी घोगऱ्या आवाजात राजीनामा दिला आणि रकाना मंजूर झाला. (राजीनामा क्रमांक दोन.)

स्मरणिका निघाल्यावर काकांना त्रेचाळीस फोन आले. बेचाळीस जणांनी तिचं लग्न झालंय का, हे विचारलं. एक राँग नंबर होता.

फायनल कोण जिंकलं, हे कुणीच विचारलं नाही. वाचकहो, तुम्हीही ते न विचारताच इथवर आलात, यात आश्चर्य नाही. पण आता आठवलंच असेल तर काकांना फोन करा. ते वाट बघतायत.