टेंभेकर काकांचं उलट

आमच्या शेजारच्या टेंभेकर काकांच्या फाटकावर दोन मासे रंगवलेले आहेत, एक काळा आणि एक पांढरा. आमचं शहर हिंदी मुलखातलं, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुणीतरी स्कूटर थांबवून हाक मारतं, "भैया, रोहू क्या भाव?" आता हे घर असं, की चातुर्मासात कांद्याला फाटकाच्या आत घेत नाहीत. दुसरा कुणी असता तर चप्पल घेऊन धावला असता. काका बनियनवर बाहेर येतात, हात जोडतात आणि शांतपणे सांगतात, "मछली नहीं है भैया, ब्रह्मांड है." स्कूटरवाला मग मागे वळून बघत नाही.

झालं असं, की काकांनी गोहलपुर मोहल्ल्यातल्या एका पेंटरला कागदावर एक गोल काढून दिला होता. अर्धा काळा, अर्धा पांढरा. काळ्यात एक पांढरा ठिपका, पांढऱ्यात एक काळा. पेंटरला ते ठिपके डोळे वाटले. भला माणूस होता, त्याने आपल्या मनाने शेपट्या आणि खवले काढून दिले. काकू म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता पुसा ते!" झालं, मासे कायमचे राहिले. काकू काही बोलल्या नसत्या तर काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच घासून काढले असते.

काकांचं सगळं तत्त्वज्ञान त्या गोलात आहे. जगात जे काही आहे त्याचं उलट असलंच पाहिजे, आणि उलट आहे म्हणूनच ते आहे. रद्दीत त्यांना ताओ या चिनी विचारावरचं एक पातळ हिंदी पुस्तक सापडलं आणि निवृत्त माणसाला पेन्शनपेक्षा मोठी गोष्ट मिळाली. पण खरं सांगायचं तर बी आधीच पेरलेलं होतं. काका फॅक्टरीत तपासणी विभागात होते. पस्तीस वर्षं त्यांच्या हातात एक दोन टोकांचं गेज. एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'. वस्तूच्या भोकात गो टोक सरकन गेलं पाहिजे आणि नो-गो टोक अजिबात जाता कामा नये. दोन्ही गेली तर माल बाद, एकही गेलं नाही तरी माल बाद.

"म्हणजे काय मॅडम," काका मला सांगत, "पास व्हायचं तर एका ठिकाणी नापास व्हावंच लागते. जो सगळीकडे पास होते ना, तो माणूस बाद!"

मी शाळेत केमिस्ट्री शिकवते, म्हणून काकांची मी 'मॅडम'. काकूंची मात्र मी अनूच. मला गप्प बसवत नाही हा माझा दोष गल्लीला माहीत आहे, आणि काकांना तेच हवं असे. भाजी घेताना गाठून विचारत, "मॅडम, आम्ल आणि अल्कली एकत्र केलं तर काय होते?"

"मीठ आणि पाणी."

"बघा! दोघं भांडले तर मीठ तयार झालं. म्हणून आमच्या घरी जेवणाला चव आहे."

कपाळ माझं! भाजीवाला पण मान डोलवत असे.

सकाळी काका चौकापर्यंत सरळ चालत जात आणि परत येताना उलटे चालत येत. जेवढं पुढे तेवढं मागे, नाहीतर शरीराचा तोल जातो म्हणे. दोनदा गाईवर आदळले. दुसऱ्यांदा गाय बाजूला झाली नाही, हे तिच्यातलं स्थिर तत्त्व. मे महिन्यात गरम चहा, जानेवारीत कुल्फी. पुण्याहून माझ्या मावसबहिणी आल्या तेव्हा त्यांना इथल्या मदनमहालच्या टेकडीवर नेऊन काकांनी तिथला प्रसिद्ध, दगडावर तोललेला दगड दाखवला आणि भर उन्हात तासभर उभं केलं. "वरचा खाली रेटून राहिला, खालचा वर रेटून राहिला. दोघांपैकी एकाने माघार घेतली की संपलं." एका बहिणीला उन्हाने चक्कर आली. काका म्हणाले, "आता थोडा वेळ सावली." 

आणि या सगळ्याचा चालताबोलता पुरावा म्हणजे सुधाकाकू. घरात दोघंच, मूलबाळ नाही, त्यामुळे भांडायला मध्ये कुणाची अडचण नाही. एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि कुठल्याही एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालेलं मी ऐकलेलं नाही. काका पंखा पाचवर करणार, काकू दोनवर. काका म्हणणार पाऊस येणार, काकू म्हणणार, "काहून येईल? मी कपडे वाळत घातले ना!" काकूंच्या नागपूरच्या भावावर तर रोज एक फेरी. काका म्हणणार लबाड आहे, काकू म्हणणार देवमाणूस आहे. सकाळी सातला हे सुरू होई, आणि आमच्या घरी त्यावर कुकर लागत असे. घड्याळ मागे पडेल, टेंभेकर मागे पडणार नाहीत.

"सुधा माझी नो-गो बाजू आहे," काका अभिमानाने सांगत. "ती नसती ना मॅडम, तर मी कुठल्याही भोकात गेलो असतो."

मग गेल्या फेब्रुवारीत एके सकाळी काका उलटे चालत येताना किराण्याच्या दुकानासमोर थांबले, छातीवर हात ठेवला आणि खाली बसले. मी शाळेला निघाले होते. शाळा राहिली बाजूला, काकूंना हाक मारली आणि दोघांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटभर काकू, "उलटं चालू नका म्हटलं होतं, हजारदा म्हटलं होतं," म्हणत होत्या, आणि काकांचा हात घट्ट धरून होत्या.

काकांना तिथेही धीर नाही. छातीला तारा लावलेल्या, तरी डॉक्टरांना शिकवणी चालू. "डॉक्टर साहब, दिल भी तो वही है. सिकुड़ता है, फैलता है. सिर्फ फैलता ही रहे तो?"

"तो अंकल, आप यहाँ बैठे नहीं होते," डॉक्टर म्हणाले. 

बाहेर येऊन मात्र त्यांचा चेहरा बदलला. काकू काकांच्या चपला हातात घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "आंटी, बीपी बहुत ज़्यादा है. दिल पर ज़ोर पड़ रहा है. दवा देंगे, पर घर में बहस बिल्कुल बंद. वो जो कहें, हाँ कह दीजिए."

काकूंनी त्या चपला छातीशी धरल्या. मग मला म्हणाल्या, "अनू, हे त्यांना सांगायचं नाही. आपलं हृदय कमजोर आहे हे कळलं तर ते घाबरतील. गॅस झाला होता म्हणून सांगू. तुला माझी शपथ." मी शपथ घेतली. माझ्यासारख्या बाईला शपथ घालणं म्हणजे काय, हे काकूंना त्या वेळी सुचलं नसावं.

त्या दिवसापासून काकूंनी तोंडाला कुलूप लावलं. काका म्हणाले, पंखा पाचवर. काकू म्हणाल्या, हो. काका म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. काकू म्हणाल्या, हो, माझंच चुकलं. पहिले दोन दिवस काकांना वाटलं, दुखण्याचे लाड चालले आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी खडा टाकून पाहिला. "सुधा, तुझा भाऊ एक नंबरचा लबाड आहे."

"असेल," काकू म्हणाल्या.

काकांच्या हातातून पेपर पडला. मी कुंपणाला लागून तुळशीला पाणी घालत होते, मी पाहिलं. मग ते पेटलेच. म्हणाले, सूर्य पश्चिमेला उगवते. काकू म्हणाल्या, उगवत असेल. म्हणाले, बटाटे झाडाला लागतात. काकू म्हणाल्या, तुम्हाला जास्त माहीत.

आणि इकडे माझे हाल! दुपारी काका झोपले की काकू मागच्या दाराने माझ्या स्वयंपाकघरात. ओट्याला टेकून सगळी गिळलेली उत्तरं माझ्यावर काढत. "काहून असेल माझा भाऊ लबाड? यांना टायफॉईड झाला तेव्हा कोण आलं होतं रात्रीची गाडी पकडून? आणि बटाटे झाडाला लागतात म्हणे! अनू, सकाळपासून अकरा उत्तरं गिळून राहिली मी, आता पोटात दुखून राहिलं." मी मध्ये "हो ना काकू" म्हटलं की आणखी भडकत. "तू काहून हो म्हणून राहिली? मी काय आजारी आहे?" 

एकदा बोलता बोलता थांबल्या आणि पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "बोललं तर त्यांचं हृदय जाते, नाही बोललं तर माझा जीव जाते. पण जाऊ दे. माझा गेला तरी चालेल." मी त्यांना चहा करून दिला, दुसरं काय करणार.

दोन आठवड्यांनी काकांना दाखवायला नेलं तर बीपी आणखी वर! डॉक्टरांनी विचारलं, "घर में टेंशन है क्या?" काका म्हणाले, "नहीं साहब. वही तो टेंशन है."

त्या रविवारी दुपारी काका माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, काखेत प्लास्टिकची फाईल. बसा म्हटलं तर बसले. 'याचं उलट काय' नाही, ताओ नाही, काही नाही. फाईल उघडून माझ्यासमोर ठेवली. काकूंचे सगळे जुने रिपोर्ट होते. रक्त, साखर, थायरॉईड, डोळ्यांचा नंबरसुद्धा.

"मॅडम, तुम्ही सायन्सवाल्या. यात काय लपवलं आहे ते सांगा."

"कुणी लपवलं?"

"सुधाने. तिला काहीतरी मोठं झालं आहे. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर तिच्याशी बाहेर बोलले, मी काचेतून पाहिलं. तेव्हापासून ती हो म्हणून राहिली. एक्केचाळीस वर्षांत या बाईने मला एकदा हो म्हटलं, लग्नात, आणि ते पण तिच्या वडिलांनी म्हटलं होतं." हसायला आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ओठ दाबले. "माझी आई अशीच झाली होती. जन्मभर खाष्ट. शेवटच्या महिन्यात गोड झाली. मी जे म्हणेन त्याला, हो रे बाबा. आम्हाला वाटलं, सुधारली. आम्हाला काय माहीत, ती जाऊन राहिली होती." 

मग हा ब्रह्मांड समजावणारा माणूस माझ्या खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. "मला तिच्याशिवाय काही येत नाही हो. मी तर फक्त बोलतो. ती नाही म्हणते म्हणून मला कळते की मी काय बोललो."

शपथ, शपथ म्हणजे किती ताणायची? मी सगळं सांगून टाकलं. तुमचं बीपी, तुमचं हृदय, डॉक्टरांचं सांगणं, काकूंची शपथ, माझ्या ओट्यावरची अकरा उत्तरं.

काकांनी डोळे पुसले. "म्हणजे तिला काही नाही झालं?"

"काही नाही."

"म्हणजे ती घाबरली आहे. माझ्यासाठी."

"मग काय माझ्यासाठी?" मी म्हटलं. 

काका उठले आणि फाईल तशीच टाकून घराकडे निघाले. एवढ्या भरभर चालू नये हे सांगायला मी मागे धावले, आणि आत शिरायला निमित्त हवं म्हणून ती फाईल हातात घेतली. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. काका स्वयंपाकघराच्या दारात थांबले, दम लागलेला, आणि म्हणाले, "सुधा, तुझं बरोबर आहे."

काकूंनी वळून पाहिलं. "मी कुठे काय बोलली?"

"तरी बरोबर आहे. पंखा दोनवरच बरा. उलटं चालणं मूर्खपणा आहे. आणि तुझा भाऊ देवमाणूस आहे."

काकूंचा चेहरा लाल झाला. त्यांनी खरंच प्रयत्न केला, मी साक्षीदार आहे. ओठ चावले, पदर तोंडात धरला. पण पंधरा दिवसांचं साठलेलं, ते किती वेळ थांबणार?

"कोण देवमाणूस?" काकू ओरडल्या. "तो? तुमच्या वडिलांची अंगठी गुपचूप खिशात घालून घेऊन गेला तो देवमाणूस? सराफ्यात जाऊन मी तुम्हाला तशीच नवीन घडवून दिली, विसरले का? काय बोलून राहिले तुम्ही, डोकं ठिकाणावर आहे का?"

"मी तेच तर एक्केचाळीस वर्षं म्हणून राहिलो!"

"तुम्ही काहून म्हणाल? माझा भाऊ आहे, मी म्हणेन! आणि ओरडू नका, बीपी वाढेल!" हे त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की समोरच्या घरातला कुत्रा भुंकला.

काका हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. ते तिथेच जमिनीवर बसले, भिंतीला टेकून. काकू घाबरून खाली वाकल्या, त्यांच्या छातीवर हात ठेवला. "काय झालं? दुखून राहिलं का? बोला ना!"

"मला वाटलं, तू चालली," काका म्हणाले. "मला सोडून."

काकू त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. हात छातीवरून काढला नाही.

"मी कुठे जाऊन राहिली?" त्या म्हणाल्या. "गॅसवर दूध आहे माझं."

दूध केव्हाच उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं. दोघांपैकी कुणी उठलं नाही. गॅस मी बंद केला.