एकाच भिंतीचा बंगला

खोटं बांधण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! ही बढाई नाही, शिक्षणच आहे माझं. पुण्याच्या विद्यापीठात मी नेपथ्य आणि रंगमंचाची तांत्रिक बाजू शिकतो. नातेवाईक विचारतात, "म्हणजे नाटकात काम करतोस?" मी सांगतो, "नाही, नाटकातली भिंत करतो." त्यानंतर घरात जी शांतता पसरते, तिला नुसती निळसर प्रकाशयोजना हवी असते.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला खऱ्या मापाचा सेट उभारायचा होता. त्या एका सेटवर सगळी पदवी अवलंबून! मी बंगल्याची दर्शनी बाजू निवडली. दार, दोन खिडक्या, वर गॅलरी. मागे काही नाही, नुसते बांबू. जागा दिली आमच्या चुलत्यांनी, अंबाजी आबांनी. लोणावळ्यात, तुंगार्लीला त्यांचा चिंचोळा रिकामा प्लॉट आहे. तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या उंच भिंती, चौथी बाजू रस्त्याला उघडी. त्या उघड्या बाजूला माझा बंगला कवळीसारखा फिट्ट बसला!

शेवटी भिंतीवर स्पंजने ओल रंगवली. लोणावळ्यात ओल नसलेल्या बंगल्याकडे लोक संशयाने बघतात.

शनिवारी बाहेरच्या परीक्षक यायच्या होत्या, शहिस्ता मॅडम. त्यांना घ्यायला मी स्टेशनवर गेलो. घेऊन आलो तर थोडं अलीकडे दोन गाड्या, सेटसमोर दहा-बारा पर्यटक आणि मधोमध आबा!

आबांचा धंदा सुट्टीच्या पाहुण्यांना बंगले मिळवून देण्याचा. 'न्हाई' हा शब्द ते फक्त घरात वापरतात, गिऱ्हाइकासमोर कधीच नाही. त्या दिवशी तुंगार्लीत एकही बंगला रिकामा नव्हता. त्यांनी माझ्या दाराला चक्क कुलूप घातलं होतं.

"आम्हाला सगळ्यांना जागा पुरेल ना?" एक टोपीवाले गृहस्थ विचारत होते.

"पुरंल म्हंजे? आत गेल्यावर लय मोकळं वाटंल!"

हे मात्र अगदी खरं होतं.

"समर्थ, सेट कुठाय?" मॅडमनी विचारलं.

"हा काय, मॅडम!"

त्यांनी आधी बंगला पाहिला, मग मला. "हा बंगला आहे."

"थँक्यू, मॅडम!"

"कौतुक करत नाहीये मी! कुणाचातरी बंगला दाखवून मार्क मागतोस? सरळ नापास करीन!"

मी आबांकडे धावलो. "आबा, सांगा की यांना, हे नाटकातलं आहे!"

आबांनी मला गाडीच्या आडोशाला ओढलं. "गप रं! गिऱ्हाईक हुबं हाये. परीक्षा परत देता येती, गिऱ्हाईक परत येत न्हाई." मग वळून मोठ्यांदा, "पक्कं बांधकाम हाये मॅडम! दोन वर्सं बी व्हायची हायेत अजून!"

मी भिंत वाजवली. ढबढब! "ऐका, प्लाय आहे!"

"हल्लीचे बंगले असेच वाजतात," मॅडम म्हणाल्या.

"बरं, त्या ओलीला हात लावा."

त्यांनी लावला. बोट कोरडं! मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

"वा!" टोपीवाले म्हणाले. "वॉटरप्रूफिंग केलेलं दिसतंय."

आणि तेवढ्यात बंद खिडकीच्या फटीतून कांदाभज्यांचा खमंग वास आला. क्षणभर मलाच वाटलं, बेल वाजवावी आणि आत जावं!

"आत स्वयंपाक चाललाय आणि म्हणे सेट!" मॅडम कडाडल्या.

"आबा, किल्ली द्या!"

"किल्ली साफसफाईवाल्या बाईकडं हाये." किल्ली त्यांच्याच करगोट्याला लोंबत होती.

मॅडमनी पर्समधून पेन काढलं. पेनचं टोपण उघडल्याचा टक्क आवाज मला तोफेसारखा ऐकू आला. आता एकच उपाय! मी गॅलरीला दोर बांधला, रस्त्यापलीकडे गेलो आणि जीव खाऊन ओढला. बंगला ढिम्म! इथल्या वाऱ्याला पुरून उरेल असा मीच बांधला होता, दुसऱ्या कुणाला शिव्या देणार?

"काय ओढताय?" टोपीवाले जवळ आले.

"तुमचा बंगला."

माणूस मोठा दिलदार! त्यांनी सगळं कुटुंब दोराला लावलं. आबा कपाळ बडवत राहिले, आणि भाडेकरूंनीच बंगला खाली आणला. धाडकन!

धूळ बसली. प्लॉटच्या पार टोकाला स्टोव्ह, स्टोव्हवर कढई, कढईमागे आमच्या कस्तुरा काकी! गिऱ्हाइकाला घरपण वाटावं म्हणून आबांनी त्यांना आत भजी तळायला बसवून बाहेरून कुलूप घातलं होतं.

काकींनी झारा आबांवर रोखला. "कुलूप घालून गेला त्ये गेला, आता घरबी वडून न्यायला लागला व्हय?"

मॅडम पडलेल्या भिंतीभोवती फिरल्या. प्लाय पाहिलं, बांबू पाहिले, कडेखाली हात घालून रंगवलेल्या ओलीवरून पुन्हा बोट फिरवलं.

"समर्थ, अप्रतिम काम आहे! मला फसवलंस."

माझी मान ताठ झाली.

"पण परीक्षा उभ्या सेटची असते. आडव्याला मार्क कसे देऊ? पुढच्या महिन्यात पुन्हा उभा कर. मी येते."

मान होती तिथे परत आली.

पाहुणे तोवर कढईभोवती गोल करून बसले होते. मॅडमनीही एक भजं उचललं आणि आबांकडे वळल्या. "पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन मुक्कामालाच येईन म्हणते. तळ्याजवळ एखादा शांत बंगला मिळेल का हो?"

आबांनी रस्त्यात पालथ्या पडलेल्या बंगल्याकडे एकदा पाहिलं.

"हाये की! तुमी याच. तवर हुबा करतंय पोरगं!"