म्हस्कू आबाचा शड्डू

"हात ठेवा," शालनबाई म्हणाल्या.

"कशावर?"

"पोरीच्या डोक्यावर. आन म्हणा, आज कुस्त्यांच्या फडात माझ्या तोंडातनं शब्द निघणार न्हाय."

मेघना न्हाऊन केस पुसत दारात उभी होती. म्हस्कू आबांनी लेकीच्या ओल्या केसांवर हात ठेवला आणि एरंडेल पाजल्यासारखा चेहरा केला.

"निदान एखादी कुस्ती चांगली झाली तर 'वा' म्हनू का?"

"न्हाय."

"आन नुरा झाली तर?"

"तवा तर न्हायच न्हाय. त्यो शब्द मनात बी आणायचा न्हाय."

आबांनी आण घेतली. बाहेर यात्रेची हलगी वाजायला लागली होती आणि ती आपल्याच मयताला वाजतेय असं त्यांना वाटलं.

आतून ठरवून लढलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. आबांच्या मते हल्ली जगातल्या झाडून सगळ्या कुस्त्या नुरा होत्या. निरवांगीच्या यात्रेत ते कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला पहिल्या रांगेत बसत आणि दर कुस्तीला आपलं मत सगळ्या गावाला ऐकवत. "खडाखडीच चाललीय, लगीन लावताय का कुस्ती?" "पंचाचं डोळं फुटल्यात काय?" आणि शेवटी उठून उभं राहून, "नुरा!" इंदापूरला भाच्याकडं केबल आली तेव्हा आबांनी विलायती कुस्त्याही बघितल्या. पंच पाठ फिरवतो तेवढ्यात एकानं दुसऱ्याच्या टाळक्यात खुर्ची घातली. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. "खुर्चीचं सोडा," ते भाच्याला म्हणाले, "पर पंच दर वेळंला बरोबर तवाच कसा वळतोय? हितं बी नुराच. आता कुठं म्हनून जायचं माणसानं?" त्यांचं हे दुःख अगदी खरं होतं. ज्याला एकाच गोष्टीचं वेड असतं आणि तीच नासलेली दिसते, त्यानं बघायचं कुणाच्या तोंडाकडं?

पण ह्या मतांपायी मेघनाचं एक जमत आलेलं लग्न मोडलं होतं. मागं यात्रेला पाहुणे आले, मुलाचा चुलता हौसेनं फडात उतरला आणि आबांनी सवयीनं उठून आपला तो शब्द हाणला. पाहुणे मटण वाढायच्या आधीच उठून गेले. ते मटण भावकीनं खाल्लं आणि खाता खाता आबांची अक्कल काढली. तेव्हापासून मेघना वडिलांशी बोलायची, पण कामापुरतंच.

आता कोऱ्हाळे बुद्रुकच्या रावजींचं स्थळ आलं होतं. त्यांचा शंभूराज बारामतीला दूध डेअरीत नोकरीला. पोरगा सरळ, मेघनाच्या मनात भरलेला. रावजींची अट एकच होती. "हुंडा नगं, काय नगं. पोरगी पैलवानाच्या घरातली पायजे. आमी बी तरुणपणी चार मैदानं मारल्यात." हे ऐकून आबांच्या तोंडून निघून गेलं, "मग आमी काय कमी मारली व्हय!" शालनबाईंच्या हातातली कपबशी तेव्हा वाजली होती. आबांनी जन्मात ज्याला पाय धरून पाडलं होतं ते फक्त मेंढरू, तेही लोकर कातरताना, आणि त्यातही कितीदा मेंढरूच सरस ठरलं होतं.

रावजी आणि त्यांची बायको बानूबाई सकाळच्या एसटीनं आले. यात्रेचं जेवण करायचं, कुस्त्या बघायच्या आणि संध्याकाळी सुपारी फोडायची, असं ठरलं होतं. बानूबाई शालनबाईंबरोबर चुलीपाशी बसल्या. रावजी तुऱ्याचा फेटा सावरत आबांबरोबर फडात गेले.

"व्याही न्हाय, दोन वस्ताद बसल्यात शेजारी," सिद्धू मास्तर कर्ण्यावरून ओरडले. गावच्या कुस्त्यांचं निवेदन तेच करत. कर्णा देवळाच्या कळसाला बांधलेला होता, त्यामुळं फडातला शब्द घरोघरच्या चुलीपर्यंत जायचा. "म्हस्कू आबा, आज लई गप? तब्येत बरी हाय न्हवं?"

आबांनी मान हलवली.

बक्षिसाच्या रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या झाल्या, मग मोठ्या लागल्या. एका गड्यानं ढाकेचा असा देखणा डाव मारला की आबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा," रावजी म्हणाले, "कसा घिस्सा मारला!"

आबांनी वळून बघितलं. घिस्सा हा निराळाच डाव. कोऱ्हाळ्याकडं ढाकेला घिस्सा म्हणत असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पुढच्या कुस्तीत एकाची पाठ मातीला लागली, हलगी थांबली, जिंकलेला नाचायला लागला. रावजी शांतपणे म्हणाले, "पाठ मुद्दाम टेकवली बरं का त्यानं. वरच्याला दमवतोय."

हा माणूस आपली परीक्षा बघतोय, ह्याबद्दल आबांची खात्री पटली. पैलवानाच्या घरातली पोरगी पाहिजे ना, म्हणून मुद्दाम उलटं बोलून आपलं तोंड उघडायला लावतोय. त्यांनी दात असे आवळले की कानशिलं दुखायला लागली.

मग तिसऱ्या नंबरची कुस्ती लागली. दोन्ही पैलवान एकमेकांच्या मानेवर हात ठेवून दोन भावांसारखे उभे राहिले. हलगीवाला कंटाळला. आबांना लांबूनही दिसत होतं, ते दोघं एकमेकांशी बोलत होते. बहुतेक जेवणाचंच काही ठरवत असावेत. शब्द आबांच्या पोटातून निघाला, छातीत आला, गळ्यात आला. मेघनाचे ओले केस त्यांच्या हाताला आठवले आणि त्यांनी तो आवंढ्याबरोबर परत खाली ढकलला. फडातली अर्धी माणसं कुस्ती सोडून आबांकडं बघत होती. कुणीच काही ओरडलं नाही, तेव्हा पंचानं ती बरोबरीत सोडवली. यात्रेत अशी कुस्ती बिनबोभाट पार पडायची ती पहिलीच वेळ होती.

"नामी झाली," रावजी म्हणाले.

एवढ्यात सिद्धू मास्तरांनी पुकारलं, "आजचे मानाचे पाहुणे, कोऱ्हाळ्याचे जुनेजाणते पैलवान रावजी, यांनी फडात यावं आन पुढची कुस्ती लावावी!" रावजी उठले. हौद्यातली चिमूटभर माती त्यांनी कपाळाला लावली आणि एक हात वर करून, हलगीच्या तालावर हौद्याला फेरी मारायला लागले. मानाचा पाहुणा अशीच फेरी मारतो. मात्र जोड हुडकणारा पैलवानही नेमकी अशीच फेरी मारतो, आणि त्याच्यासमोर जो कुणी उठून मांडीवर शड्डू ठोकेल त्यानं कुस्ती धरली असं समजतात. हा रिवाज निरवांगीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता, आणि आबांना तर तो सगळ्यांहून जास्त ठाऊक होता.

पण आबा रावजींकडं बघतच नव्हते. ते बघत होते त्यांच्या मागं, जिथं पंच पुढची जोड उभी करत होता. एका बाजूला रेड्याएवढा गडी आणि दुसऱ्या बाजूला काडीपैलवान. ही काय जोड? ही काय कुस्ती? अरे, पोराचा हात मोडंल! बोलता येत नव्हतं आणि बघवत नव्हतं. आबा ताडकन उठले, थांबा म्हणून एक हात वर केला आणि जिवाच्या संतापानं दुसऱ्या हाताची थाप आपल्याच मांडीवर मारली.

ती थाप फार चांगली वाजली. आयुष्यात त्यांचं काही एवढं चांगलं वाजलं नव्हतं.

हलगी थांबली. रावजी नेमके आबांच्या पुढ्यात पोचले होते. त्यांचा एक हात अजून वरच होता.

"आली!" सिद्धू मास्तर कर्ण्यात किंचाळले. "जोड आली! म्हस्कू आबांनी शड्डू ठोकला! व्याह्यानं व्याह्याला ललकारलंय, मंडळी! निरवांगी विरुद्ध कोऱ्हाळे!"

सगळा फड उभा राहिला. आबांनी दोन्ही हात हलवून नाही-नाही म्हटलं.

"दोन्ही हातांनी बोलावतोय बघा गडी!"

"न्हाय" एवढा एक शब्द म्हटला असता तर सुटका होती. पण तो शब्द तोंडातूनच निघाला असता, आणि आण पोरीच्या डोक्याची होती. आबांनी रावजींकडं केविलवाणं बघितलं. रावजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. आबांना वाटलं, रागानं. पाव्हण्याला भर फडात ललकारलं, गेलं हे पण स्थळ.

मागं सरायची सोय दोघांनाही नव्हती. शड्डू परत घ्यायचा तर तो पाहुण्याचा अपमान आणि पाहुण्यानं नाकारायचा तर कोऱ्हाळ्याचा. लोकांनी हौसेनं दोघांचे फेटे उतरवले, सदरे काढले आणि धोतरांचे काचे मारून दिले. आबांच्या बंडीला पाठीत भोक होतं. ते सगळ्या गावानं बघितलं आणि कुणीतरी त्यावर मतही दिलं.

पंचानं हात मिळवून दिले. दोघं एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. आबांना समजेना, पुढं काय करायचं असतं. दुसऱ्यानं काय करायला हवं होतं हे त्यांना हजार वेळा समजलं होतं, पण आपण काय करावं असा प्रश्न त्यांच्यावर कधी आला नव्हता.

"पाव्हणं," रावजी त्यांच्या कानात कुजबुजले. "हळू घ्या. मी जल्मात लंगोट घातला न्हाय."

आबांनी डोळे विस्फारले.

"व्हय, खोटं बोललो. आमच्या चुलत्याची मैदानं मी माझी म्हनून सांगतो. तुमी खरं पैलवान. पोराच्या नशिबावर पाय देऊ नका, म्हस्कूराव. त्यानं तुमची पोरगी लई मनावर घेतलीय."

आबांना रडू यायचं बाकी होतं. अवो मी पण तुमच्यातलाच, असं त्यांना सांगायचं होतं. पण आण! त्यांनी जोरानं मान हलवली. माझं बी तसंच हाय, न्हाय येत मला काय, असा त्याचा अर्थ.

"न्हाय म्हनताय?" रावजी त्यांच्या खांद्यावर लोंबकळले. "इतका राग? काय चुकलं आमचं? ढाकंला ढाक म्हनत्यात का घिस्सा, मला खरंच कळत न्हाय वो!"

"धरा की!" फडातून कुणीतरी ओरडलं. "लगीन लावताय का कुस्ती?"

आबांनी तो आवाज ओळखला. आवाज गावातल्या सोमनाथचा होता, पण शब्द त्यांचे स्वतःचे होते. मग दुसरीकडून आलं, "पंचाचं डोळं फुटल्यात काय?" तेही त्यांचंच. साऱ्या जन्मात फडाला दिलेलं एक-एक मत फड आता त्यांना परत करत होता.

रावजींचं सगळं वजन आबांच्या खांद्यावर आलं होतं. कुठल्याही क्षणी दोघांतला एक पडणार, आणि जो पडेल त्याच्या घरचा पैलवान खोटा ठरणार. पोरगी माझी, आणि डोकंही तिचंच, आबांनी विचार केला. तिच्या डोक्याची आण तिच्याच संसारासाठी मोडली तर देव समजून घेईल. त्यांनी तोंड रावजींच्या कानाला लावलं आणि दिवसभर पोटात दाबून ठेवलेला तो शब्द काढला.

"नुरा."

"आं?"

"नुरा करू. मला बी काय येत न्हाय. मी तीन म्हनलं की दोघं बी कुशीवर पडू. पाठ लावू नका."

रावजींनी त्यांना असं घट्ट मिठीत धरलं की लोकांना वाटलं डाव पडला. दोघं धाडकन कुशीवर आपटले, चार लोळणं घेतली, पाय झाडले आणि माती उडवली. रावजींनी "ए धर!" म्हणून उगाच आरोळी दिली. पंचाला ह्यातलं काय समजलं कुणास ठाऊक. त्यानं शिट्टी मारून बरोबरी दिली आणि दोघांचे हात वर केले.

सगळा फड एका सुरात ओरडला, "नुरा! नुरा! नुरा!"

आबा माती पुसत उभे राहिले. त्यांच्या आयुष्यात फडानं पहिल्यांदा एखाद्या कुस्तीबद्दल बिनचूक मत दिलं होतं.

घरी पोचले तर दारातच शालनबाई आणि बानूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. कर्ण्यावरून जोड पुकारली तेव्हा दोघींच्याही हातातलं लाटणं गळालं होतं. "अवो, ह्यांना काय येत न्हाय!" असं दोघी एकदमच ओरडल्या होत्या आणि मग एकमेकींकडं बघून खाली बसल्या होत्या. फडात बरोबरी सुटायच्या आत इकडं त्यांनी सुपारी फोडून टाकली होती. मेघनानं वडिलांच्या हातावर गूळ ठेवला आणि कपाळाची माती आपल्या ओढणीनं पुसली.

"शब्द काढला?" शालनबाईंनी हळूच विचारलं.

"एकच," आबा म्हणाले.

लग्न झालं, नीट झालं. रावजी आता दर यात्रेला येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि मोठ्यानं मतं देतात. ढाकेला घिस्सा म्हणतात, घिश्शाला ढाक. शेजारी म्हस्कू आबा बसतात आणि मान हलवतात. त्यांना एकूण एक चूक समजते आणि एकही दुरुस्त करता येत नाही. आता आण नाही, पण तोंड उघडायचं कोणत्या तोंडानं?

परवाच्या यात्रेत पुन्हा एक कुस्ती तशीच लागली. दोन पैलवान मानेवर हात ठेवून उभे, कुणी हलेना. आबांनी डोळे मिटून घेतले. मागून सोमनाथ ओरडला. हल्ली निरवांगीत नुरा कुणी म्हणत नाही, नवा शब्द रूढ झाला आहे.

"व्याह्यांची कुस्ती! व्याह्यांची कुस्ती!"

रावजींनी कुतूहलानं आबांकडं वळून बघितलं. "हे म्हंजी काय वो, म्हस्कूराव?"

आबांनी फेटा उगाच सारखा केला.

"लई रंगलेली कुस्ती असली," ते म्हणाले, "की आमच्याकडं तसं म्हनत्यात."

"मग बरोबर हाय," रावजी म्हणाले आणि उभं राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळ्यांहून मोठ्यानं ओरडले.