कार्बनची सायकल आणि सरकती सीट

माझ्या मेहुण्याने त्या रविवारी आपली सायकल खाली जिन्यापाशी लावली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याने ती दोन बोटांवर उचलून तिसऱ्या मजल्यावर आणली, आमच्या हॉलमध्ये सोफ्याला टेकवली आणि मला म्हणाला, "भावोजी, जरा उचलून बघा."

मी उचलली. (दोन्ही हातांनी आणि श्वास रोखून उचलली, त्यामुळे ती थेट माझ्या कपाळाला लागली.) सायकल कार्बनची होती. माझ्या ऑफिसात याहून जड फायली आहेत आणि त्या कोणी उचलत नाही, तो भाग वेगळा.

"केवढ्याला पडली?" मी कपाळ चोळत विचारलं.

त्याने आकडा सांगितला. मी सायकल फार जपून खाली ठेवली.

"छे छे, एवढे पैसे घालायची गरजच नाही," मी म्हणालो. "कार्बनचा नुसता सांगाडा स्वस्तात मिळतो. बाकीचे पार्ट वेगवेगळे घ्यायचे आणि घरी जोडायचे. सायकलीत असतं काय? दोन चाकं आणि एक साखळी!"

हे वाक्य मी मेहुण्यासमोर जरा वजन राहावं म्हणून टाकलं होतं. दोन मिनिटांत विषय बदलला असता. पण स्वयंपाकघरातून आवाज आला, "कोण जोडणार?"

"मी," मी म्हणालो.

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

इथे थोडा खुलासा करायला हवा. मी एका मोठ्या कार्यालयात रेकॉर्ड विभागात बावीस वर्षं नोकरी करतो आहे. तिथे मला कोणी काही विचारत नाही. घरात मुलगी नववीत गेल्यापासून तीही विचारत नाही. राहता राहिली दुरुस्ती. माझ्याकडे पत्र्याचा एक लाल टूलबॉक्स आहे. घरात काही बिघडलं की मी तो उघडतो, बाह्या सरसावतो आणि तेवढा वेळ मला आपण घराचे कर्ते पुरुष असल्यासारखं वाटतं. आता मी दुरुस्त केलेल्या बेलचं बटण दाबलं की बाथरूमचा दिवा लागायचा हे खरं. पण कोणीतरी आलंय हे कळायचं की नाही? (बाथरूममध्ये असलेल्या माणसाला तरी नक्की कळायचं.)

बायको हात पुसत बाहेर आली. ती घरी शिवणाचे क्लास घेते, त्यामुळे माप घेतल्याशिवाय ती बोलत नाही. तिने आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जोडा," ती म्हणाली. "पण एक अट. जोडून झाली की त्याच सायकलीवरून माझ्या माहेरी यायचं. अठरा किलोमीटर. सायकलीवर बसून पोचलात तर घरातली दुरुस्ती जन्मभर तुमची, मी ब्र काढणार नाही. नाही पोचलात तर तो लाल डबा द्यायचा भंगारवाल्याला."

"ताई, जरा जास्त होतंय," मेहुणा म्हणाला. त्याला माझी दया आली हे पाहून माझा पारा चढला.

"मंजूर!" मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी सांगाडा आला. खोकं इतकं मोठं होतं की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नवं कपाट का म्हणून विचारलं. आत गुंडाळलेल्या कागदांच्या पोटात एक काळाकुळकुळीत, नावगाव नसलेला सांगाडा होता. बायकोने खोक्यात वाकून पाहिलं.

"बाकीची सायकल कुठाय?"

"ती वेगळी यायची आहे."

"आणि हा कोणाचा? यावर कंपनीचं नावच नाही."

"म्हणून तर परवडला," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातला पिठाचा काटा आणून मी सांगाड्याचं वजन केलं. अकराशे चाळीस ग्रॅम! त्यानंतर मला ग्रॅमचं वेडच लागलं. पुढे जो पार्ट येईल तो आधी काट्यावर चढायचा. सीटखालची दांडी मी मुद्दाम कार्बनचीच घेतली, का तर साध्या दांडीपेक्षा सत्तर ग्रॅम कमी. बाटली अडकवायचे दोन स्क्रू हलके निघाले म्हणून मी ऑफिसात पेढे वाटायचंच तेवढं बाकी ठेवलं. एकदा मी असाच एक बोल्ट तोलत असताना बायको म्हणाली, "चार ग्रॅम वाचले ना? छान. आता तुमचं पोट काट्यावर ठेवा, किती जादा आहे बघू."

अशा टोमण्यांना मी उत्तर देत नाही. (देता येत नाही.)

प्रत्येक पार्टबरोबर एक माहितीपत्रक यायचं. त्यासाठी मी रीतसर फाइल उघडली. बावीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कागदाबाबत मी तीन गोष्टी केल्या आहेत: नंबर टाकणं, कोपऱ्यात "पाहिले" लिहून सही ठोकणं आणि फाइलला लावणं. वाचणं हे चौथं काम, ते साहेबांचं. (साहेब ते त्यांच्या साहेबांचं समजतात.) सायकलीचे एकूण सतरा कागद मी असे मार्गी लावले. काम कसं शिस्तीत चाललंय म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं.

खरी गंमत झाली ती केबलपाशी. या सायकलीत गिअरची केबल बाहेरून जात नाही, सांगाड्याच्या पोटातून जाते. पुढच्या भोकातून आत घालायची आणि मागच्या चाकाजवळच्या भोकातून बाहेर काढायची. आत घालायला मला दहा सेकंद लागले. बाहेर काढायला चार दिवस झाले तरी ती निघेना. मी सांगाडा उलटा केला, हलवला, त्यात फुंकर मारली, भोकाला डोळा लावून आत टॉर्च मारला. मुलगी शाळेतून यायची, बूट काढायची आणि विचारायची, "बाबा, केबल आली का?" हरवलेल्या माणसाची चौकशी करावी तशी.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बायको शिवणाच्या टेबलावरून उठली.

"अहो, सरका जरा."

"अगं, यात टेक्निक असतं."

"पायजम्यात नाडी घालायला असतं तेवढंच ना?"

तिने दोऱ्याला सेफ्टी पिन बांधली, पिन पुढच्या भोकातून आत सोडली आणि फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक सांगाड्यावरून बाहेरच्या बाजूने मागे सरकवत नेलं. आतून पिन आज्ञाधारकपणे मागे मागे आली आणि भोकातून डोकावली. मग तिने दोऱ्याला केबल बांधून अलगद ओढून घेतली. चहा उकळायला ठेवला होता तो उतू जायच्या आत सगळं आटोपलं.

"मी हेच करणार होतो," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली आणि चहा गाळायला गेली.

शेवटी सीट बसवायची राहिली. मेहुण्याने त्याचा टॉर्क पाना मला आणून दिला होता. ठरवलेली ताकद लागली की तो पाना टक् करतो. "भावोजी, कार्बनला जोर दाखवायचा नाही. तडकलं की संपलं," एवढं त्याने चारदा बजावलं. मी इतका घाबरलो की जिथे पाचवर कसायचं तिथे दोनवरच थांबलो. आणि दांडी आत अडकून बसू नये म्हणून तिला वरपासून खालपर्यंत ग्रीस चोपडलं. ग्रीस कधी कोणाचं वाईट करतं का, असा माझा आजवरचा अनुभव होता.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे मेहुणा, मध्ये मी, मागे स्कूटरवर बायको आणि मुलगी. मुलीच्या मांडीवर पाण्याच्या बाटल्या आणि सायकलीची फाइल. (फाइल मी आग्रहाने घेतली होती. फाइलशिवाय निघालेलं काहीही कुठेही पोचत नाही.) मी घट्ट काळी चड्डी घातली होती. गेटवरच्या वॉचमनने आधी सलाम केला आणि मग मान वळवली.

काय सांगू, सायकल नुसती पळत होती! पहिले दोन किलोमीटर मी हवेत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मी हाताने काहीतरी केलं होतं आणि ते चालत होतं. मला चक्क गहिवरून आलं.

तिसऱ्या किलोमीटरला माझ्या लक्षात आलं की हँडल हळूहळू वर येतंय. चौथ्याला गुडघे पोटाला लागायला लागले. मला वाटलं, व्यायामाने पायांत जोर आला, म्हणून ते वर उचलले जाताहेत. फुटपाथवरच्या लोकांची मघाशी मला डोकी दिसत होती, आता त्यांच्या हातातल्या पिशव्या दिसत होत्या. तेवढ्यात स्कूटर माझ्या बरोबरीला आली.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही बुटके का होत चाललाय?"

"वाकून चालवतोय. वारा कापला जातो."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुझी सीट खाली गेलीय."

गेली होती. ती दांडी इंचाइंचाने सांगाड्याच्या पोटात उतरत होती आणि तिच्याबरोबर मीही. आम्ही थांबलो, सीट वर ओढली, मेहुण्याने पाचवर कसून दिली, टक् झालं आणि निघालो. दोन किलोमीटरवर पुन्हा गुडघे पोटात. पुन्हा थांबलो. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "मुलाची सायकल आणलीत का?"

सासरवाडी अजून सहा किलोमीटर होती आणि शेवटी चढ. माझ्या डोळ्यांसमोर लाल टूलबॉक्स भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढताना दिसू लागला. तो गेला की मी या घरात नेमकं काय करणार होतो? बिलं भरणार, पिशव्या उचलणार आणि गप्प बसणार. मी खरंच रडायच्या बेतात होतो.

"भावोजी," मेहुणा दांडी बोटाने चाचपत म्हणाला, "याला ग्रीस लावलंत का?"

"भरपूर!" मी अभिमानाने म्हणालो.

"कार्बनच्या दांडीला?"

"तसं कुठे लिहिलंय, लावू नये म्हणून?"

मुलीने फाइल उघडली. कागद क्रमांक अकरा. तो तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून खणखणीत आवाजात वाचला. "महत्त्वाची सूचना. कार्बनच्या दांडीला ग्रीस लावू नये. दांडी घसरेल." मग ती थांबली. "आणि खाली लिहिलंय, 'पाहिले'. बाबाची सही आहे. तारीखपण आहे."

मेहुणा आपल्या चाकातली हवा तपासू लागला. त्याचे खांदे हलत होते.

बायको मात्र हसली नाही. ती स्कूटरवरून उतरली, सीट दांडीसकट उपसून हातात घेतली आणि माझ्या गळ्यातला नवाकोरा नॅपकिन मागितला. त्याने तिने दांडी कोरडी ठणठणीत पुसली, ती ज्या नळीत बसते तीही आतून पुसली. मग पर्समधून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि दांडीवर खसाखसा घासला.

"हे काय?" मी विचारलं.

"मशीनचा पट्टा घसरायला लागला की काय करतात? पुसतात आणि खडू लावतात. धरा."

मेहुण्याने कसलं, टक् झालं. मी बसलो. एक किलोमीटर, दोन, तीन. सीट जागची हलली नाही. चढावर माझी जीभ बाहेर आली, चड्डीची शिवण करकरली, पण मी उतरलो नाही. सासरवाडीच्या फाटकातून मी सायकलीवर बसून आत शिरलो, ताठ मानेने. (मान वळवण्याइतकीही ताकद उरली नव्हती.)

सासरे पुढे आले. त्यांनी सायकल एका हाताने उचलून पाहिली. "वा जावईबापू! एवढी हलकी आहे तर चालवत कशाला आलात? काखोटीला मारून आणायची."

परत जाताना मी स्कूटरवर मागे बसलो आणि मुलीला आणि सायकलीला मेहुण्याने तिथेच ठेवून घेतलं. घरी आल्यावर कुलूप काढता काढता बायको म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द. तुम्ही सायकलीवर बसून पोचलात. दुरुस्ती तुमची."

आता मी काही दगड नाही. केबल कोणी ओढली, सीट कोणी थांबवली, हे मला दिसत होतं. मी आत गेलो, लाल टूलबॉक्स उचलला आणि तिच्यासमोर धरला.

"हा आजपासून तुझा," मी म्हणालो. "खरी कारागीर तू आहेस. मी नुसता सह्या करतो." बावीस वर्षांत मी स्वतःहून सोडलेला हा पहिलाच चार्ज. "तुझ्या शिवणाच्या टेबलाखाली ठेवतो."

"तिथे नको," ती म्हणाली. "तिथे जागा नाही."

मी वाकून पाहिलं. कापडांच्या गठ्ठ्यामागे एक निळा पत्र्याचा डबा होता. मी तो ओढून उघडला. आत पक्कड, टेस्टर, तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर आणि काळी चिकटपट्टी. सगळं वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.

"हा कोणाचा?"

"माझा."

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून."

मी आठवू लागलो. लग्नाच्या पहिल्या महिन्यात मी घरात एकच गोष्ट दुरुस्त केली होती. पलंगावरचा पंखा.