संगणक सील केला आहे, हात लावू नये

"ज्याच्या नजरेतून सुई सुटत नाही, ज्याच्या कानातून कुजबुज निसटत नाही आणि ज्याच्या मेंदूला सुट्टी ठाऊक नाही, असा एकमेव खासगी तपासनीस." हे वाक्य चौकसरावांबद्दल चौकसरावांनीच लिहिलं होतं आणि कार्डावर छापूनही घेतलं होतं. 'चौकसराव' हे नाव मात्र त्यांच्या मेहुण्याचं. एकदा जेवताना त्याने ते टोमणा म्हणून दिलं. तो टोमणा आहे हे ताटावर बसलेल्या सगळ्यांना कळलं. ज्यांना कळलं नाही, त्यांनी दुसऱ्याच दिवशी दोनशे कार्डं छापायला टाकली.

पोटापाण्यासाठी चौकसराव दुकानांतले वजनकाटे तपासत. काटा खोटा निघाला की त्याच्यावर कागदी पट्टी चिकटवायची, पट्टीवर सही ठोकायची आणि "आता याला कुणी हात लावायचा नाही" असं दरडावायचं, एवढं त्यांचं काम. ते त्यांना मनापासून आवडे. इतकं, की सुट्टीच्या दिवशी घरीही काही ना काही सील झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मागे चौथ्या मजल्यावरची एक चप्पल हरवली, तेव्हा त्यांनी तीन आठवडे जिना सील केला होता. चप्पल सापडली. ती चौकसरावांच्याच पायात होती. "गुन्हेगाराने ती किती हुशारीने लपवली होती, बघा," असं ते अजूनही सांगतात.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणे. लग्न झालं त्या दिवशी आपली नेमणूक सहायक म्हणून झाली आहे, हे त्यांना बऱ्याच उशिरा कळलं. त्या घरी बसून संगणकावर कपड्यांचे पॅटर्न आखत. कुठला तुकडा कसा कापायचा, बाही कुठे बसवायची, हे सगळं पडद्यावर. आजवर त्यांनी दुसऱ्यांचेच पॅटर्न मोठे-लहान करून दिले होते. या वेळी पहिल्यांदाच स्वतःचा होता. नव्या रुग्णालयाच्या परिचारिकांचा कोट, अकरा मापांत. दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्यात आज चार वाजता कापणी सुरू व्हायची होती. चारला पॅटर्न पोचला नाही, तर टेबल दुसऱ्या कामाला जाणार आणि कोटही दुसऱ्या कुणाकडे.

अशा दिवशी सकाळी वहिनी खाकी कागदाची गुंडाळी आणायला तासभर बाहेर गेल्या. परत येऊन बघतात तर टेबलाखालच्या संगणकाच्या डब्यावर पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून पट्ट्या चिकटवलेल्या. प्रत्येक पट्टीवर चौकसरावांची ऐसपैस सही.

"अहो, हे काय?"

"सरप्राइज!" चौकसराव खुर्चीतून न उठता म्हणाले. "तुझा संगणक हळू चालतो म्हणून कुरकुरत होतीस ना? त्याला चालवणारी जुनी प्रणाली काढून टाकली. नवी बसवतोय. मुक्त प्रणाली. जगभरातली माणसं मिळून ती तयार करतात, आणि मराठीसुद्धा बोलते."

"काम देऊन झाल्यावर बसवू म्हटलं होतं मी. आज चारला द्यायचंय."

"म्हणूनच तर. वेगात होईल."

वहिनींनी पटकन शिलाईचा डबा उघडला. आतल्या बॉबिन, खडू, टाचण्या सगळं जागच्या जागी होतं. एकच गोष्ट नव्हती.

"माझा निळा पेनड्राइव्ह कुठाय?"

"तो होय? तो कामी आला. त्याच्यावरूनच तर नवी प्रणाली चढवतोय."

"त्यात कोटांची प्रत होती."

"छे, रिकामा होता."

"उघडून बघितलात?"

"रिकामा दिसला."

"बाहेरून?"

चौकसरावांनी खिडकीबाहेर बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "तुझी मूळ फाइल दुसऱ्या डिस्कवर आहे. तिला मी हात लावलेला नाही. मी पहिलीच डिस्क घेतली. कसा विचार केला, बघ."

वहिनींनी देवाचे आभार मानले. नवऱ्याचे मानायचं काही कारण त्यांना दिसेना.

"आणि या पट्ट्या कशाला?"

"तपासाचा पहिला नियम. घटनास्थळी काहीही हलवायचं नाही."

"पण अजून घटना कुठे घडलीय?"

"घडेल," चौकसराव आत्मविश्वासाने म्हणाले. या एका बाबतीत त्यांचा अंदाज आजवर चुकलेला नाही.

अर्ध्या तासाने नवी प्रणाली बसवून झाली. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. त्या वाचायच्या भानगडीत चौकसराव पडले नाहीत. "पडद्यावर येतं ते आरोपीचं म्हणणं," असं त्यांचं मत होतं. त्यांनी एंटर दाबलं. संगणक बंद झाला, चालू झाला आणि पडद्यावर हसतमुख अक्षरं आली: नमस्कार! ही प्रणाली तुमच्या संगणकावर बसवायची आहे का?

"आताच तर बसवली!" चौकसराव ओरडले. मग त्यांचा चेहरा उजळला. हा उजेड वहिनींच्या चांगलाच ओळखीचा होता. "चोरी! बसवलेली अख्खी प्रणाली गायब!"

"असं कसं होईल? मला बघू द्या जरा."

"थांब. हा संगणक शेवटचा कुणी वापरला?"

"मी. रोज मीच वापरते."

"म्हणजे पहिली संशयित तू. संशयिताने पडद्याजवळ यायचं नाही. स्वयंपाकघरात बस. बोलावलं की ये."

वहिनींनी वाद घातला नाही. घातला असता तर त्याचीही नोंद झाली असती. शिवाय त्यांच्याकडे वेळ नव्हता. त्यांनी खाकी कागद स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरला, कोपऱ्यांवर वरवंटा, डबा, अडकित्ता, जे हाताला लागेल ते ठेवलं आणि आठवणीतून कोट हाताने आखायला बसल्या. अकरा मापं चारपर्यंत हाताने होणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. पण नुसतं बसून नवऱ्याचे तर्क ऐकण्यापेक्षा गुडघे दुखलेले बरे.

तर्क मात्र स्वयंपाकघरापर्यंत येतच होते.

"जुन्या प्रणालीचा सूड!" पहिली घोषणा अकरा वाजता झाली. "घराबाहेर काढलेला भाडेकरू रात्री परत येऊन नव्याचं सामान फेकून देतो, तसं."

"भाडेकरूने सामान फेकलं तर तो स्वतः तरी घरात दिसेल ना? तो दिसतोय का?" वहिनींनी पेन्सिल न थांबवता विचारलं.

"नाही."

प्रणाली दुसऱ्यांदा बसवून झाली. पुन्हा दोन ओळी, पुन्हा एंटर, पुन्हा नमस्कार.

बारा वाजता दुसरी घोषणा. "घड्याळ! संगणकाचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. आतली बॅटरी मेलीय, म्हणून याला वेळेचं भान राहिलेलं नाही आणि केलेलं काम आठवत नाही."

"कुठल्या घड्याळाच्या सात मिनिटं पुढे?"

"भिंतीवरच्या."

"ते गेल्या महिन्यापासून मागे पडतंय. तुम्हालाच दुरुस्तीला न्यायचं होतं."

भिंतीवरच्या घड्याळावर पट्टी लागली. खाली सही.

एक वाजता चौकसरावांनी संगणकाच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरून एक सुरक्षेचा पर्याय शोधला. अनोळखी प्रणालीला दारातच अडवणारा. "हाच तो पहारेकरी! आतून फितूर झालेला!" त्यांनी त्याला बडतर्फ केलं. संगणकाने पुन्हा हसतमुखाने नमस्कार केला. पहारेकरी निर्दोष निघाला, पण त्याला कामावर परत घ्यायचं चौकसरावांच्या लक्षात राहिलं नाही.

अडीच वाजता वहिनींनी कारखान्यात फोन करून जरा उशीर होईल असं कळवलं. सव्वातीनला त्यांची दोन मापं आखून झाली होती. नऊ राहिली होती. कंबर धरून त्या उठल्या आणि बंदी मोडून बाहेरच्या खोलीत आल्या. तिसऱ्यांदा प्रणाली बसवून झाली होती. पडद्यावर त्या दोन ओळी होत्या, आणि पडद्यासमोर चौकसराव हाताची घडी घालून उभे होते. एवढे शांत ते फक्त भयंकर चूक करण्याआधी असत.

"सापडला," ते म्हणाले. "डिस्क दोन आहेत. एक खरं बोलते, दुसरी खोटं. पहिलीवर आपण प्रणाली बसवतो आणि दुसरी ती गिळते. साथीदार आहे ती."

"दुसरीवर माझे कोट आहेत."

"नेमकी तीच संशयास्पद गोष्ट आहे. आता एंटर दाबतो, पुन्हा सुरुवात करतो, आणि या वेळी दोन्ही डिस्क साफ पुसतो. गुन्हेगाराला लपायला जागाच ठेवायची नाही."

नवऱ्याचे खुळे तर्क वहिनींनी वर्षानुवर्षं हसून सोडून दिले होते. आज हसू येईना. आज त्यांना राग आला होता आणि रागाच्या खाली भीतीही होती.

"मग निदान दुसरी डिस्क काढून बाजूला ठेवा."

"घटनास्थळी काही..."

"घटनास्थळ गेलं चुलीत! माझं काम आहे ते!" वहिनींनी कळफलक उचलून छातीशी धरला. "या कळफलकाला हात लावलात तर बघा."

"अगं, पुरावा आहे तो!"

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात कारखान्याचे कटिंग मास्तर होते. गळ्यात मापाची टेप, खिशात मोठी कात्री, नाकावर घसरलेला चष्मा. चाळीस वर्षं कापड कापलेला माणूस. फोन आल्यावर त्यांना राहवलं नव्हतं.

"ताई, टेबल रिकामं उभं आहे. म्हटलं, स्वतःच न्यावं." मास्तर आत आले. त्यांनी खोलीभरच्या पट्ट्या बघितल्या, कळफलक कवटाळून उभ्या असलेल्या वहिनी बघितल्या, मग चौकसरावांकडे बघितलं. "साहेब, घरात काही वाईट घडलं का?"

"अत्यंत गुंतागुंतीचं प्रकरण आहे," चौकसराव म्हणाले. "आपल्याला समजणार नाही. तीन वेळा बसवलेली प्रणाली दोन वेळा नाहीशी झाली."

"अस्सं." मास्तरांनी चष्मा वर सारला आणि पडद्यापाशी वाकून, एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचलं, "प्रणाली बसवून झाली आहे. पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा."

"मग काढला का पेनड्राइव्ह?" मास्तरांनी विचारलं.

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने संगणकाच्या डब्याकडे बघितलं. डब्याच्या मागच्या बाजूला, सगळ्यात रुंद पट्टीखाली, सगळ्यात ऐसपैस सहीच्या मागे, एक निळा उंचवटा होता.

"म्हणजे प्रत्येक वेळी तो त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू होत होता," वहिनी हळूहळू म्हणाल्या. "आणि पेनड्राइव्ह दर वेळी विचारत होता, बसवू का, बसवू का. तुम्ही दर वेळी हो म्हणत होतात."

"आरोपी सांगतो म्हणून पुरावा हलवायचा नसतो," चौकसराव म्हणाले, पण आवाज बराच खाली आला होता. "तीन वेळा लिहून आलं म्हणजे ते खरंच असतं असं नाही."

"आमच्याकडे कागद आला की आधी वाचतात, मग कात्री लावतात," मास्तर साधेपणाने म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या खिशातल्या कात्रीकडे हात केला, तसे मास्तर दचकून मागे सरले. "ही नाही! ही कापडाची आहे. कागदाला लागली की गेली तिची धार." त्यांनी दुसऱ्या खिशातून शिवण उसवायचं छोटं हत्यार काढलं, गुडघ्यावर बसले आणि सही अलगद उसवली. वहिनींनी पेनड्राइव्ह ओढला, कळफलक टेबलावर ठेवला आणि एंटर दाबलं.

संगणक बंद झाला. चालू झाला. कुणी नमस्कार केला नाही, कुणी काही विचारलं नाही. नवी प्रणाली गुपचूप उभी राहिली, जशी सकाळीच राहिली असती. दुसरी डिस्क जागेवर होती. वहिनींनी तिच्यावरची फाइल उघडली आणि पांढऱ्या पडद्यावर कोट पसरला. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर. अकराही मापं. वहिनींना एकदम रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मास्तर पडद्यासमोर उभे राहून बराच वेळ बघत होते.

"पाठीत ही घडी कशाला?"

"रुग्णाला उचलताना हात पुढे जातात. जुन्या कोटात पाठ ताणते, बगलेत उसवतं. रुग्णालयातल्या आठ जणींना विचारलं मी. सगळ्यांनी तेच सांगितलं."

मास्तरांनी मान हलवली. "चाळीस वर्षं कोट कापतोय. असं कुणी विचारून आखलेलं नाही."

चौकसराव पुढे आले. वाकून बघू लागले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडी कुठलाच तर्क नव्हता.

"हे तू केलंस? कधी?"

"तीन आठवडे. याच टेबलावर."

"मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही समोरच बसला होतात," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, तोच पेनड्राइव्ह पुसून रिकामा केला, त्यावर अकरा मापं भरली आणि पायात चपला सरकवल्या. चौकसराव काहीतरी बोलणार होते. वहिनी थांबल्या नाहीत.

चारला चार मिनिटं कमी असताना त्या मास्तरांबरोबर कारखान्यात पोचल्या. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कापडाचे थर अंथरलेले होते. पॅटर्नचा मोठा कागद छापून आला, कापडावर पसरला, चारी कोपऱ्यांना वजनं बसली. टेबलाभोवतीच्या कारागीर बाया हातातलं काम सोडून बघायला आल्या. मास्तरांनी खिशातली मोठी कात्री काढली, दोन बोटांनी तिची धार तपासली आणि मूठ वहिनींपुढे धरली.

"आमच्याकडे नव्या पॅटर्नचा पहिला काप ज्याने आखला त्याचा. घ्या, ताई."

वहिनींनी कात्री घेतली. ती त्यांना वाटली होती त्याहून जड होती. पर्समध्ये फोन वाजू लागला. तो कुणाचा आहे, हे ओळखायला तपासनीस लागत नव्हता. वहिनींनी तो वाजू दिला, डावा तळवा कापडावर सपाट ठेवला आणि पाठीच्या घडीपासून कापायला सुरुवात केली.